पालाखालून आलेला हात

मेंढरं यायची झाली की आधी वास येतो, मग आवाज, आणि मेंढरं दिसतात ती सगळ्यात शेवटी. ओल्या लोकरीचा, लेंड्यांचा आणि तुडवल्या गवताचा तो वास महामार्गाखालच्या बोगद्यातून वाऱ्याबरोबर निघतो आणि आमच्या परड्यापर्यंत पोचतो. मागोमाग घोड्याच्या गळ्यातली घंटा, कोकरांची ओरड, धनगरांची हाळी. दिवाळी होऊन आठ-दहा दिवस गेलेले असतात. सोयाबीन निघून रान मोकळं पडलेलं असतं. कारखान्याकडं जाणाऱ्या ट्रॅक्टरांतून सांडलेलं उसाचं वाडं चाकांखाली चिरडून रस्त्यावर आंबूस-गोड दर्प सुटलेला असतो.

काल दुपारी हा वास आला तेव्हा मी आईची खाट परड्यात उन्हाला सरकवत होतो. आई ब्याऐंशीची आहे. तिला लांबचं दिसत नाही, पण नाक शाबूत आहे. ती म्हणाली, "आली रं."

"कुणाचीतरी असतील. या दिवसांत चार कळप जातात."

"न्हाई. ही आपली हायती."

मेंढरांच्या वासात आपलं-परकं काय असतं ते मला कळत नाही. पण तिचं खरं निघालं. तीन वर्षं न आलेला बिरूचा कळप बोगद्यातून बाहेर पडत होता.

उंब्रजच्या पुढं, हमरस्त्यापासून जरा आत आमचं गाव. मी पलटणीत क्लार्क हवालदार होतो. बावीस वर्षं नोंदी ठेवल्या आणि घरी येऊन ऊस बघायला लागलो. घरामागं ओढ्याकडं छत्तीस गुंठ्यांची एक पट्टी आहे, तिच्यात दरवर्षी मेंढरं बसवायची रीत माझ्या वडिलांपासूनची. आटपाडी तालुक्यातल्या एका कोरड्या गावचं हे धनगराचं कुटुंब दसऱ्यानंतर कळप घेऊन पश्चिमेला निघतं, आणि वाटेत ठरलेल्या शेतकऱ्यांच्या रानात मुक्काम करतं. संध्याकाळी जाळीचं कुंपण लावून मेंढरं आत कोंडतात, त्या जाळीला वाघर म्हणतात. रात्रभरात रानाला लेंडीखत मिळतं, त्यांना धान्य मिळतं. दुसऱ्या दिवशी वाघर पुढं सरकते. एकशेचाळीस मेंढरांना रात्रीला तीन गुंठे लागतात. पट्टी छत्तीस गुंठ्यांची, म्हणजे बारा मुक्काम. इतक्या वर्षांत हा आकडा चुकला नव्हता.

चुकला तो एकाच वर्षी. त्या हंगामाविषयी मी आजवर कुणाशी नीट बोललेलो नाही.

दुसरी लाट ओसरून गेली होती. सातारा-सांगलीचे आकडे इतरांपेक्षा उशिरा उतरले, पण उतरले. दुकानांच्या वेळा वाढल्या, मग वेळाच राहिल्या नाहीत. देवळं उघडली. शाळेच्या भिंतीवर रंगवलेल्या सूचनांवर नव्या सत्रासाठी चुना मारला, तरी खालची लाल अक्षरं पुसट दिसत राहिली. दोन वर्षं तुंबलेली लग्नं एकदम निघाली. एका बाजूनं वरातीचा बँड वाजायचा आणि त्याच गल्लीत कुणाच्यातरी माजघरात कोरडा खोकला चालायचा. आधी रुग्ण निघाला की दाराला बांबू बांधायचे, आता शेजारीसुद्धा विचारायचे नाहीत. "हवामान बदललंय" म्हणायचं आणि काढा उकळायचा. आल्याचा, गवती चहाचा वास त्या कार्तिकात घराघरांतून येत होता. त्या वासावरून कोणत्या घरात काय आहे हे ओळखता यायचं, पण तसं बोलून दाखवणं वाईट दिसत होतं.

माझ्या घरात मात्र निर्बंध उठले नव्हते. वैशाखात आईचा ऑक्सिजन शहाऐंशीवर आला होता. नऊ दिवस ती दवाखान्यात होती. ती घरी आली तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "फुप्फुसं आता ठिगळाची आहेत. पुन्हा झाला तर निभावणार नाही." ते वाक्य मी उराशी धरून ठेवलं. सकाळ-संध्याकाळ घरातल्या तिघांचं माप घ्यायचो: ताप, ऑक्सिजन, नाडी. वहीत तारखेसमोर तीन रकाने. बायको, सुनंदा, म्हणायची, "अहो, गाव मोकळं झालंय. आपणच तुरुंगात आहोत." मी म्हणायचो, गाव सरकारनं मोकळं केलंय, रोगानं नाही. आजही मला ते वाक्य चुकीचं वाटत नाही. चूक पुढं झाली.

कळप आला तेव्हा मी बांधावर उभा राहून बिरूला सहा फुटांवर थांबवलं. तोंडावरचा मास्क सारखा केला. बिरू तेव्हा चाळिशीचा असेल. काळा, काटक, डोक्याला लाल पटका. सोबत त्याची बायको सगुणा, दोन चुलतभाऊ, आणि घोड्यामागं काठी टेकत चालणारी त्याची आई हौसाबाई, सत्तरीच्या आसपासची.

"आण्णा, बसायचं का यंदा?"

"बसा. पण माझ्या अटी आहेत."

बिरू हसला. "पलटण हाय व्हय ही?"

"रोज सकाळी सात वाजता तुम्हा पाचही जणांचं माप घेणार. कुणाला ताप निघाला, किंवा ऑक्सिजन चौऱ्याण्णवच्या खाली गेला, तर त्याच दिवशी वाघर उचलायची. घरात म्हातारं माणूस आहे. राग मानू नका."

तो मेंढरांकडं वळला. "राग कशाचा, आण्णा? मागल्या गावात आमाला हातपंपाला हात लावू दिला न्हाई. तुमी निदान तोंडानं सांगताय."

मागून हौसाबाई म्हणाली, "मोज बाबा, मोज. मेंढरं मोजतोस, आमाला बी मोज. एखांदं जादा भरलं तर ठिवून घे."

मी लशीचं विचारलं. त्यांच्या गावात पाचही जणांनी एकेक टोचून घेतली होती. दुसरीची पाळी आता आली होती. "पर ती गावात, आन् आमी हितं," बिरू म्हणाला. मी वहीत प्रत्येकाच्या नावापुढं 'एक' लिहिलं आणि पान उलटलं. आमच्या उपकेंद्रात तेव्हा आठवड्यातून दोनदा लस मिळत होती, माणसं येत नाहीत म्हणून तिथली बाई कंटाळून बसायची. पाच माणसांना घेऊन पाऊण किलोमीटर जायचं होतं. ते माझ्या डोक्यातही आलं नाही. मला फक्त नोंद पुरी करायची होती.

त्या सकाळी अजून अंगावर येतात. ओढ्यावर धुकं, दवानं काळं पडलेलं घोंगडं, तीन दगडांच्या चुलीवर माडगं रटरटतंय. हुलग्याच्या पिठाची ती पातळ आंबील हौसाबाई दरवर्षी आईला तांब्याभर पाठवायची. त्या वर्षी मी तांब्या बांधावरच ठेवायला लावला आणि घरी नेऊन पुन्हा उकळला. ऑक्सिमीटर एका सपाट दगडावर ठेवायचा, मी मागं सरायचं, त्यांनी बोट घालायचं, मग मी दोन पावलं पुढं येऊन आकडा वाचायचा. पहिल्या दिवशी सगळ्यांचेच आकडे पडलेले आले. मी घाबरलो. मग लक्षात आलं, हात गारठलेत, आणि बोटांची कातडी काठीनं, दोरीनं जाड झालीय. जाळावर हात शेकायला लावले. आकडे वर आले. हौसाबाईचा पंच्याण्णव. म्हातारीला एवढा चालतो, असं मी मनाशी ठरवलं.

आईला मी परड्याच्या दारापलीकडं जाऊ देत नव्हतो. पण तोंड कोण बांधणार? हौसाबाई बांधावर यायची, आई दारात खुर्ची टाकायची, आणि मधल्या दोनशे फुटांवरून दोघींचं चालायचं. तीस वर्षांची ओळख, वर्षातून बारा दिवसांची.

"आक्का, जित्ती हायस व्हय गं?"

"तुला पोचवल्याबिगर कुटं जातीया मी!"

"तोंडाला मुसकं घातलंय की गं तुज्या ल्याकानं!"

"तुला न्हाई घातलं ते?"

"मला कोन घालतंय? मी चावती."

सुनंदा चुलीपाशी हसून बेजार व्हायची. आईला हसता हसता खोकला यायचा आणि मी घड्याळ बघायचो, खोकला किती सेकंद टिकतोय ते.

पाचव्या दिवशी हौसाबाई बांधावर आली नाही. सकाळी मी गेलो तेव्हा चौघं जाळाभोवती होती. सगुणा म्हणाली, "सासूबाईंचं गुडघं धरल्यात. थंडी लय हाय. पालातनंच घ्या त्यांचं." आधी तिनं आपलं बोट दिलं, मग ऑक्सिमीटर घेऊन पालात, त्या ठेंगण्या कापडी तंबूत, गेली. क्षणभरानं पालाच्या कडेखालून एक हात बाहेर आला. राखेनं भरलेला, भेगाळलेला. बोटाला यंत्र. मी वाकून आकडा वाचला. अठ्ठ्याण्णव. बाईमाणसाच्या पालात डोकावणं बरं नाही, शिवाय सहा फूट. ताप बघायची बंदूक कपाळाऐवजी मनगटावर धरली. ताप नाही.

सहाव्या दिवशी तेच. सत्त्याण्णव. सातव्या, आठव्या दिवशी पुन्हा अठ्ठ्याण्णव. म्हातारी सुधारतेय म्हणून मला बरं वाटलं. घरी येऊन आईला सांगितलंसुद्धा, "हौसाबाईचा तुझ्यापेक्षा चारनं जास्त आहे."

आई म्हणाली, "मग बोलत का न्हाई?"

"गुडघे धरलेत."

"गुडघ्यानं बोलती व्हय ती?"

मी वही दाखवली. आईला अक्षर दिसत नव्हतं, तरी दाखवली. तिनं ती हातानं बाजूला सारली. "चार दिस झालं हौसा गप हाय. गप ऱ्हानारी बाई न्हाई ती. वहीला इचारू नगं, तिला इचार."

नवव्या सकाळी हात पालाबाहेर आला तेव्हा मी आकडा वाचला नाही. म्हणालो, "हौसाबाई, आई विचारतेय. बोला की काहीतरी."

जाळाशी बसलेला बिरू उभा राहिला. पालात कुणीतरी लांब श्वास ओढला, आणि तो अर्ध्यात अडकला. तसला आवाज मी वैशाखात नऊ दिवस ऐकला होता.

मी पाल उचललं. दोन घोंगड्यांखाली हौसाबाई पडली होती. ओठ जांभळे, डोळे उघडे. तिच्या पायाशी सगुणा आडवी होऊन हात बाहेर देऊन पडली होती. हिरव्या बांगड्या तिनं कोपरापर्यंत वर सारल्या होत्या. ऑक्सिमीटर तिच्या बोटाला होता आणि त्यात लाल अठ्ठ्याण्णव लुकलुकत होता.

"आण्णा, हाकलू नगा," ती म्हणाली. "उद्याच्याला उतरंल."

मी ते यंत्र काढून म्हातारीच्या बोटाला लावलं. आकडा यायला वेळ लागला. मग आला. एकोणऐंशी.

गाडीच्या चारही काचा खाली करून आम्ही निघालो. पुढं बिरू, मागच्या बाकावर हौसाबाई. सगुणाला मेंढरांपाशी थांबावं लागलं. वसतिगृहातलं कोविड केंद्र, जिथं वैशाखात जागेसाठी माणसं दारात बसून होती, तिथं आधी गेलो. फलक होता, कुलूप होतं. आत पोरांचे पलंग पुन्हा लावलेले खिडकीतून दिसत होते. रखवालदार म्हणाला, "पंधरा दिवस झाले बंद करून. आता कुठं राहिलाय?" कराडला एका दवाखान्यात त्यांनी ऑक्सिजन लावला आणि सांगितलं, इथला वेगळा वॉर्ड आता नाही, पुढं न्या. बिरूच्या मेहुण्याची मिरजेत एका दवाखान्यात ओळख होती. रुग्णवाहिका मिळाली. मी मागून गाडी घेऊन गेलो.

तो रस्ता मला फुटाफुटानं आठवतो. उसाच्या गाड्या, त्यांवर लावलेली गाणी. एका मंगल कार्यालयासमोर वाहतूक थांबली होती, फेटे बांधलेली माणसं रस्त्यात नाचत होती, एकाच्याही तोंडावर मास्क नव्हता. रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकून त्यांनी हसतच वाट दिली. मला त्यांचा राग आला नाही. दोन वर्षांनी नाचत होती माणसं. मी फक्त मोजलं, कार्यालयापाशी सात मिनिटं गेली.

दवाखान्यात स्ट्रेचरवर घेताना हौसाबाई एकदाच बोलली. मुखवटा बाजूला करून बिरूला म्हणाली, "मेंढरं कुनाकडं?"

"सगुणा हाय."

तिनं मान हलवली.

मिरजेच्या त्या वॉर्डात सहा पलंग होते आणि चार माणसं. वैशाखात मी ज्या गर्दीत उभा होतो, तिच्यापुढं ही शांतता मला जास्त भयंकर वाटली. नर्स पोक्त होती, दमलेली. म्हणाली, "आता रोज एखादं-दुसरंच येतं. पण येतं ते उशिरा येतं." फिनेलचा वास, भिंतीवरची टिकटिक, आणि बाहेर चहाच्या टपरीवर कुणीतरी मोठ्यानं सांगत होतं की कोरोना संपला. त्याचं चुकत नव्हतं. लाट संपली होती. आत फक्त चार माणसं होती.

बाकावर बसून मी वही उघडली. माझ्या हाताला दुसरं काम नव्हतं. हौसाबाईचा रकाना: पंच्याण्णव, चौऱ्याण्णव, पंच्याण्णव, पंच्याण्णव. नाडी ब्याऐंशी, चौऱ्याऐंशी, ब्याऐंशी, नव्वद. पाचव्या दिवशी एकदम अठ्ठ्याण्णव, आणि नाडी चौऱ्याहत्तर. त्याच्याच वरच्या ओळीत सगुणाचं नाव होतं. अठ्ठ्याण्णव, चौऱ्याहत्तर. सहाव्या दिवशी दोघींची शहात्तर. सातव्या दिवशी दोघींची त्र्याहत्तर. आठव्या दिवशी पुन्हा दोघींची सारखी. सत्तरीच्या बाईचं काळीज रातोरात सुनेच्या काळजासारखं चालायला लागलं होतं, आणि ते मी स्वच्छ अक्षरात, रेघ मारून, रोज लिहून ठेवलं होतं. पलटणीत एखाद्या पोरानं अशी नोंद आणली असती तर मी त्याला उभा जाळला असता.

बिरू शेजारी बसला होता. मी वही मिटली तेव्हा तो खाली बघतच म्हणाला, "आईनंच सांगितलं हुतं. पाचव्या दिशी उजाडताना. ताप लय हुता. म्हनली, माजा हात देऊ नगा, सगुनाचा द्या. मेंढरं व्यायला झाल्याती, आठ-धा गाभण हायती. आता हलवली तर वाटंतच गाभ टाकतील. चार दिस निघू द्या म्हनली."

"मला सांगायचं होतं, बिरू."

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं सरळ पाहिलं. "काय सांगायचं, आण्णा? तुमीच म्हनला हुता, ताप निघाला तर वाघर उचला. आमी ऐकलं तुमचं."

मी माप घेतलं ते रोग कळावा म्हणून. पण कळल्यावर काय करायचं, ते मी आधीच जाहीर करून टाकलं होतं: जा. औषध आणीन, दवाखान्यात नेईन, परड्याच्या टोकाला वेगळं पाल टाकून देईन, यांतलं एकही वाक्य माझ्या अटींत नव्हतं. मग माझ्यापासून लपवण्यावाचून त्यांच्या हातात काय राहिलं? पाचव्या दिवशी तिचा आकडा नव्वदीत असता. त्या पाच दिवसांत औषधानं काय झालं असतं, हे डॉक्टरांना विचारायचं मी टाळलं. त्यांनीही आपणहून सांगितलं नाही.

दवाखान्यातल्या सहाव्या दिवशी सकाळी हौसाबाई गेली. मिरजेतच अग्नी दिला. बिरू, त्याचा मेहुणा आणि लांब उभा मी. मातीला माणसं बोलवायला आता बंदी नव्हती. पण आटपाडीहून कोण येणार, कशानं येणार, आणि भाऊबंद निम्मे कोकणच्या वाटेवर कळपांबरोबर. बंदीच्या दिवसांत चार माणसं असायची. बंदी उठल्यावर आम्ही तिघं होतो.

घरी आलो आणि बाहेरूनच आईला सांगितलं. ती दारातल्या खुर्चीवर होती. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. मग विचारलं, "वहीत लिवलंस का?"

तिनं ते टोचण्यासाठी विचारलं की खरंच विचारलं, हे मी तिला कधी विचारू शकलो नाही. मी आठ दिवस गोठ्यात राहिलो. दुसऱ्या दिवशी माझा अहवाल आला, बाधित. सगुणा आणि एक दीर बाधित निघाले. आम्ही तिघंही थोडक्यात सुटलो. आईला झाला नाही, सुनंदाला झाला नाही. माझ्या सावधगिरीचा जो हेतू होता तो पुरा झाला, हेही नोंदवलं पाहिजे.

त्यांना मी हलवलं नाही. बारा मुक्काम उलटले, मग वीस झाले. सातवी, आठवी मेंढी व्याली तेव्हा ओढ्याकडनं कोकरांचा नाजूक आवाज येऊ लागला. गावात बोलणं झालं. पारावर एकानं मला ऐकू जाईल असं म्हटलं, "हवालदारानं मेंढरं न्हाई, रोग बसवलाय रानात." मी ऐकून घेतलं. पंधरवड्यापूर्वी मीच ते म्हणालो असतो. जाताना बिरूनं रामराम केला, सगुणानं मान वळवली. त्यानंतर तीन वर्षं ते आमच्या वाटेनं गेले नाहीत. कुणीतरी सांगितलं, आता नदीच्या पलीकडून जातात. पट्टीत मी कारखान्याचं खत विकत आणून घातलं. ऊस येतो. पण कार्तिकात त्या रानात गेलं की फार शांत वाटतं, आणि ती शांतता मला सोसत नाही.

आजार गेलेला नाही. त्याचं नाव गेलं. गेल्या महिन्यात सुनंदाला तीन दिवस ताप, घसा, मग पंधरा दिवस जिना चढताना दम. डॉक्टर म्हणाले, व्हायरल. मी विचारलं, कोणता? ते हसले. "आता ते कोण बघतं?" घरात तपासणीची दोन पाकिटं पडून होती, मुदत संपलेली. आमच्या ओळीतल्या सात घरांत पावसाळ्यापासून अकरा जणांना असलाच खोकला येऊन गेला, हे मी आपलं मनातल्या मनात मोजतो. सांगत कुणाला नाही. दोन म्हातारी माणसं त्यानंतर फार दिवस राहिली नाहीत. त्यांच्या मातीला गेलो तेव्हा कारण विचारलं. "वय झालं हुतं," असं उत्तर मिळालं. वय झालंच होतं. कुणी खोटं बोलत नाही. फक्त मागचा एक आठवडा सांगायचा राहून जातो.

बाजारात मी मास्क लावतो तेव्हा पोरं हसतात. हसू देत. भीती गेली नाही माझी. फक्त तिच्यावर पूर्वीसारखा भरवसा उरलेला नाही. भीतीनं मी आईला वाचवलं आणि त्याच भीतीनं ओढ्याकडं एका बाईला पाच दिवस घोंगड्याखाली गप्प निजवलं. दोन्ही खरं आहे आणि एकातून दुसरं वजा होत नाही.

काल कळप बोगद्यातून बाहेर पडला. मी बांधावर गेलो. मेंढरं आता कमी दिसत होती, शंभराच्या आत. बिरू मागं होता, त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्यात. सगुणा घोडा धरून पुढं आली. घोड्यावर पाल, भांडी, वर बांधलेल्या दोन कोंबड्या. ती सहा फुटांवर आपणहून थांबली.

"आण्णा, बरं हाय?"

"बरं आहे. तुम्ही?"

"हाय. आक्का?"

"आहे. परड्यात आहे."

तिनं घोड्याची दोरी हाताला गुंडाळली. "एक आदी सांगती. दिराला कालपास्नं ताप हाय. खोकला बी हाय. झाकून बसायचं न्हाई म्हून सांगती. बसू का जाऊ?"

मागं परड्यात आईच्या खाटेची करकर ऐकू आली. ती उठून बसली असणार, दोनशे फुटांवर, ब्याऐंशी वर्षांची, ठिगळाच्या फुप्फुसांची. डॉक्टरांचं वाक्य मला शब्दन् शब्द आठवलं. पुढं जे बोललो त्यात धाडस म्हणावं असं काही नव्हतं.

"बसा," मी म्हणालो.

"आन्?"

"आणि काही नाही. वेगळं पाल टाकून देतो त्याला. दवाखान्यात आत्ताच जाऊ, मी गाडी काढतो."

ती हलली नाही. मागून बिरूनं हाळी दिली, कोकरं तिच्या पायांत घोटाळली, घोड्यानं ओझ्यासकट एक पाय बदलला. तिनं दोरी सोडली नाही. ती माझ्या तोंडाकडं बघत उभी राहिली, अजून एखादी अट बाकी असेल म्हणून.